सामानापाशी

"आज मी सामानापाशी बसणार नाही."

ताईच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं तेव्हा रविवारच्या सकाळचे सव्वासात वाजले होते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोळा पावांच्या पोटात लोणी भरायचं राहिलं होतं. वाक्य लहान होतं, आवाजही चढलेला नव्हता. तरी चिमणच्या हातातलं उकडलेलं अंडं सटकलं आणि टेबलाखाली गडगडत गेलं, आणि भावजयीने थर्मासचं झाकण फिरवता फिरवता हात असा थांबवला, जणू घराचा एखादा खांब आपणहून दोन पावलं चालला असावा!

चिमण म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी तो काडीसारखा होता म्हणून हे नाव पडलं. आता पन्नाशीत त्याच्या एकट्याच्या वजनात चिमण्यांचा अख्खा थवा मावला असता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अंगात आठ खिशांचं जाकीट, आणि आठही खिसे रिकामे. हे जाकीट तो लेखक झाल्यापासून घालत असे.

"म्हणजे काय ताई? मग कुठे बसणार?" त्याने टेबलाखालूनच विचारलं.

"बसणारच नाही. वर जाणार. कड्यावर."

भावजय बालवाडीत शिकवायची. पंचवीस वर्षं चार वर्षांच्या मुलांशी बोलून तिचा सूर कायमचा तसा झाला होता. दूधवाल्याशी, बँकेतल्या साहेबांशी आणि नणंदेशीही ती त्याच सुरात बोले. "ताई," ती गोड हसून म्हणाली, "आपण सकाळी सकाळी रुसायचं नाही, हो की नाही? आपले गुडघे दुखतात ना? मग वर जाऊन आपल्याला काय करायचंय? काय आहे वर?"

"तेच बघायला जायचंय," ताई म्हणाली, आणि तिने पुढच्या पावाला लोणी लावलं.

या घरात ताईचा हात कुणाला दिसत नसे. त्या हातातून येणारा पाव तेवढा दिसे.

चिमण धापा टाकत टेबलाखालून बाहेर आला. "ताई, आज नको गं! पाहिजे तर पुढच्या रविवारी जा. आज प्रकाशक येतायत. त्यांना मी कुठे बसून लिहितो ते बघायचंय. ती जागा, ती सावली, सगळं! आज तू खाली नसलीस तर… तर मला कसं कळणार?"

"काय कसं कळणार?"

चिमणने हातातलं अंडं जाकिटाला पुसलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं. ज्याला शेंबूड पुसायला आपण शिकवलं त्याच्याकडेच बघता येतं, अशा गाढ तुच्छतेने पाहिलं.

पुढचा रविवार! गेल्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, की महिनाअखेरीला उजवा बदलू, मग डावा. चढणं-बिढणं जे काही असेल ते आता विसरून जा. "विसरायला आधी चढलेलं असावं लागतं ना, डॉक्टर?" ताईने विचारलं होतं. डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

'सामानापाशी' हे काही पद नव्हे, पण ताईने ते बावीस वर्षं निष्ठेने सांभाळलं होतं. घर दोन खोल्यांचं आणि तोंडं चार, त्यामुळे रविवार उजाडला की दुपारपर्यंत भांडण व्हायचंच. त्यावर तोडगा ताईनेच काढला. तिने एका मोठ्या नकाशावर घर मध्यबिंदू धरून कर्कटकाने वर्तुळ काढलं: दोन तासांत जाता येईल तेवढ्या अंतराचं. त्या वर्तुळात जे जे काही टेकडी, तळं, झरा, बन म्हणून होतं, त्याची एकेक सहल तिने आखली. किती वाजता निघायचं, गाडी कुठे लावायची, पाणी कुठे मिळतं, खायला काय न्यायचं की जे सांडत नाही, आणि काहीही झालं तरी सहाच्या आत घर. सहली झाल्या, रविवारची भांडणं गाडीत होऊ लागली, संसार टिकला.

प्रत्येक सहलीत डोंगराच्या पायथ्याशी चटई पसरली की बुटाच्या नाड्या बांधता बांधता चिमण विचारायचा, "सामानापाशी कोण बसणार?" उत्तर सर्वांना पाठ होतं, तरी प्रश्न दर वेळी विचारला जाई, विचारण्यात एक लोकशाही होती. "मी बसते," ताई म्हणे. मग सगळे वर जात, आणि तासा-दीड तासाने घामाघूम होऊन उतरत, आणि डब्यात हात घालता घालता ताई विचारी, "कसं होतं रे?"

"मस्त!"

बस. बावीस वर्षांत एकतीस जागांचं सृष्टिसौंदर्य ताईपर्यंत पोचलं ते या अडीच अक्षरांतून. तिच्या सहलींच्या वहीत प्रत्येक जागेला दोन पानं होती. शेवटचा रकाना होता 'वरचं दृश्य'. त्यात एकतीस वेळा लिहिलं होतं: मस्त.

बाकीची पानं मात्र गच्च भरलेली! कारण सामानापाशी बसलेल्या माणसाला दीड तास असतो, आणि डोळे असतात. दहा वाजता खडकाच्या कुठल्या बाजूला सावली असते, साडेअकराला ती कशी सरकते, वारूळ कुठे आहे, वारा सुटला की कागदी रुमाल कुठल्या झुडपात जाऊन अडकतात, खालून कडा कसा दिसतो, आणि ढग आला की तोच कडा कसा तोंड पाडून बसतो… सगळं. शिवाय प्रत्येक जागेचा नकाशा. नकाशात डोंगर नेहमी वरच्या बाजूला, कारण ताई बसायची डोंगराकडे तोंड करून.

नकाशा हे तिचं कामच होतं. भूमापन कार्यालयात छत्तीस वर्षं ती अनुरेखक होती. म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि त्याच्या रेघेवरून आपली रेघ न्यायची. या कामातली सगळी हुशारी म्हणजे स्वतःचं काहीही न घालणं. एकदा एका नव्या मुलीने ओढ्याकाठी हौसेने एक झाड काढलं, तर साहेब म्हणाले, "बाई, कागदावर लावलंत. आता तिथे जाऊन पाणी कोण घालणार?" आईवडील गेले तेव्हा ताई वीस वर्षांची आणि चिमण बारा, तेव्हापासून ती आयुष्याचंही तसंच करत आली. दुसऱ्यांच्या रेघा न चुकता गिरवायच्या… आपलं झाड कुठे काढायचं नाही.

आणि आठ महिन्यांपूर्वी चिमणचं पुस्तक आलं. 'घरापासून दोन तास'.

वही त्याने "एक रविवार आखायचाय" म्हणून मागून नेली होती. पुस्तक हातात आलं तेव्हा ताईने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं… प्रत्येक ओळ तिची! तिचा खडक, तिचं वारूळ, तिचा तोंड पाडून बसणारा कडा! एकतीस डोंगरांवर एकतीस वेळा चढलेल्या त्या महाभागाला वरचं एक अक्षर आठवलं नव्हतं. पुस्तकभर कोणी वर जातच नव्हतं. आभाराच्या पानावर पत्नीचे आभार होते, फोटो काढणाऱ्या मुलीचे होते, गाडी दुरुस्त करणाऱ्याचेही होते, आणि अगदी शेवटी: 'तसेच वेळोवेळी सामान सांभाळणाऱ्या सर्वांचे.'

सर्वांचे!

चिमणने स्वतःची अशी एकच गोष्ट त्यात घातली होती. नकाशाला बाण लागतो असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं, म्हणून प्रत्येक नकाशाच्या डोक्यावर त्याने एकेक डौलदार बाण काढला आणि त्यावर 'उत्तर' असं लिहिलं. आणि वहीतलं 'उजवीकडे' खोडून 'पूर्वेला' केलं, 'डावीकडे' खोडून 'पश्चिमेला', कारण त्याने पुस्तकी वाटतं. डोंगर उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे त्याने विचारलंही नाही. त्याच्या सगळ्या प्रतिभेचं फळ म्हणजे तो बाण, आणि तोही चुकलेला! सहलीला गेलेल्या माणसाला पूर्व कुठे आहे हे ठाऊक नसतं, म्हणून पुस्तक तरलं.

ताई काही बोलली नाही. चोर चोर म्हणून ओरडायला आधी आपल्याजवळ काही होतं असं वाटावं लागतं; आणि ते वाटण्याची तिला सवयच नव्हती. तिने फक्त मनातल्या मनात त्याला 'लेखक' म्हणायला सुरुवात केली. "लेखक जेवले का?" "लेखकांचा शर्ट इस्त्रीला द्यायचाय." पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तिन्हींत बाण होता.

गाडी डोंगराच्या पायथ्याशी लागली तेव्हा साडेनऊ झाले होते. प्रकाशक आधीच येऊन उभे होते: सडपातळ, पांढऱ्या मिशीचे, हातात घडीचं स्टूल आणि काखेत पत्रांचा गठ्ठा. याआधी ते करविषयक मार्गदर्शिका छापत. वाचक पत्रं लिहितात हे त्यांना या पुस्तकामुळे प्रथमच कळलं होतं, आणि त्या शोधाने ते अजून सावरले नव्हते.

"या लेखक, या!" ते म्हणाले. ताईने मान वळवली. हा माणूस तो शब्द मनापासून उच्चारत होता, बिचारा.

"जागेवर जाण्याआधी एक पत्र ऐकवतो. कालच आलंय. राहवत नाही." त्यांनी चष्मा लावला. "'मी तीस वर्षं सामानापाशी बसत आले. माझ्यासाठी कुणी कधी पुस्तक लिहिलं नव्हतं. सगळी पुस्तकं वर गेलेल्यांची. तुमच्या पुस्तकामुळे मला पहिल्यांदा वाटलं, की मी जिथे बसते तीही एक जागा आहे. तिथूनही काही दिसतं. तुम्ही पुरुष असून तुम्हाला हे कसं कळलं हो?'"

प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला. भावजयीनेही डोळ्यांना रुमाल लावला. तिला रडू चटकन येई, बालवाडीत त्याचा उपयोग होतो. ताई जेवणाची टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. कुठे कोण ती बाई, कुठल्या डोंगराखाली, कुणाच्या बुटांची राखण करत बसलेली, आणि तिने हे पत्र लिहिलं होतं ते आपल्याला! आपल्याला… आणि ते जाऊन पोचलं कुणाला?

"खरंच, कसं कळलं हो तुम्हाला?" प्रकाशकांनी विचारलं.

चिमणने जाकिटाच्या दोन खिशांत दोन हात घातले. क्षणभर त्याची नजर ताईकडे गेली आणि चटका बसावा तशी परत फिरली. मग तो विनयाने खाली बघत म्हणाला, "निरीक्षण."

ताईने टोपली जमिनीवर ठेवली. आपटली नाही, आत अंडी होती.

"मी निघाले," ती म्हणाली. आणि पायऱ्यांकडे चालू लागली.

"आत्या, थांब, मी येते!" भाची, म्हणजे चिमणची पंचवीस वर्षांची मुलगी, कॅमेरा सावरत मागे धावली.

"आपण हट्ट करायचा नाही हं, ताई!" मागून भावजयीचा सूर आला. ताईने मागे वळून पाहिलं नाही.

चढण दगडी पायऱ्यांची होती. कुणीतरी उंच माणसाने रागात बांधावी तशी. विसाव्या पायरीला उजवा गुडघा बोलू लागला, चाळिसाव्याला डाव्यानेही आपलं मत मांडलं. पन्नाशीच्या पुढे ताईने मोजणं सोडलं. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने भाचीचा दंड, आणि ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या वळणावर ती टेकली तेव्हा खालचं मैदान स्पष्ट दिसत होतं. तो मोठा खडक… आणि प्रकाशक हातातल्या मोबाइलवरचं होकायंत्र बघत, पुस्तक उघडं धरून, बोटाने दिशा दाखवत होते. चिमण डोकं हलवत होता. भावजयीने चटई झटकली, आणि खडकाच्या पूर्वेला पसरली. डोंगर इथे दक्षिणेला होता, म्हणजे पुस्तकातली पूर्व ती खरी पश्चिम.

ताई ताडकन उभी राहिली. "अगं, तिकडे नाही! तिकडे वारूळ आहे! लाल मुंग्या आहेत! आणि सावली…"

तिचं एक पाऊल आपोआप खालच्या पायरीवर पडलं होतं. बावीस वर्षांची सवय! आता धावत जायचं, हसत म्हणायचं, 'अरे, इकडे या, ही बाजू', आणि बसायचं, आणि त्याची लाज राखायची, आणि मग कधीच… कधीच वर…

"आत्या," भाचीने तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "राहू दे ना. एकदा तरी चावू दे त्यांना मुंग्या."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत आहे?"

"तुझं अक्षर मला पहिलीपासून माहीत आहे. वही बाबांच्या टेबलावर उघडी होती. मी काही बोलले नाही. तू बोलत नव्हतीस म्हणून." ती हुंदका गिळत म्हणाली, "पण मला फार राग आलाय आत्या. त्यांचा नाही. तुझा!"

तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला. खाली खडकामागे जाऊन, तोंडावर हात धरून, चिमण कुजबुजत होता. "ताई, इथे ऊन आहे गं. सावली कधी येते?"

ताईने खाली पाहिलं. पन्नास वर्षांचा तो गोळा, आठ खिशांचा, तिच्या पायाखाली ताटलीएवढ्या मैदानात उभा होता. इयत्ता पाचवीपासून त्याने तिला हेच विचारलं होतं. शाळेची टोपी कुठे आहे, अर्जावर सही कुठे करायची, पाण्याच्या फिल्टरचा धंदा का बुडाला, आणि बायको का रुसली. प्रत्येक वेळी तिने सांगितलं होतं. तोंडाशी आलेलं उत्तर तिने गिळलं.

"पुस्तकात बघ," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

उरलेल्या पायऱ्या ती कशी चढली हे तिलाही सांगता आलं नसतं. दोनदा ती रडली, एकदा दुखण्याने आणि एकदा नुसतीच. शेवटची पायरी संपली, समोर कठडा आला, आणि कठड्यापाशी वीस-पंचवीस माणसं पलीकडच्या तळ्याकडे पाठ करून उभी होती आणि स्वतःचे फोटो काढत होती. ताई त्यांच्यामधून वाट काढत पुढे गेली.

आणि थांबली.

तळं खूप खाली होतं. सकाळ सरत आली होती तरी अर्ध्या पाण्यावर अजून धुकं होतं, आणि ते धुकं वितळत नव्हतं, सरकत होतं. कुणीतरी झोपलेल्या मुलाच्या अंगावरची चादर हळूच ओढून घ्यावी तसं. जिथून ते निघून जाई तिथे पाणी आधी राखाडी, मग हिरवं, मग ज्याला नाव नाही अशा एका रंगाचं होई. पलीकडे डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, प्रत्येक मागची पुढचीपेक्षा फिकट… पातळ कागदावर उतरवत उतरवत नेल्यासारखी. छत्तीस वर्षांत तिने इतकी स्वच्छ रेघ पाहिली नव्हती. तिचे हात कठड्यावर घट्ट आवळले गेले, आणि सगळ्या वेदनांच्या वर, सगळ्या दुःखाच्या वर, तिला आला तो भयंकर संताप!

"मस्त?" ती ओरडली. फोटो काढणाऱ्यांनी वळून पाहिलं. "हे? ह्याला मस्त म्हणाले? गाढवं! डोळ्यांच्या जागी बटणं लावलेली गाढवं! बावीस वर्षं! अगं, एक वाक्य… एक धड वाक्य तरी आणायचं होतं माझ्यासाठी!"

आणि मग ती ढसाढसा रडली. भाचीने तिला जवळ घेतलं.

"आत्या," भाची शेवटी म्हणाली, "आई फोटो काढते. मी आईचे काढते. पण बाबा ना… बाबा ह्या बाजूला येतच नाहीत. तुला दाखवू, ते कुठे उभे राहतात?"

माथ्याच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्याशेजारी, कठड्याचा एक तुटका भाग होता. तिथून तळं दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त खालचं मैदान आणि तो खडक.

"इथे. प्रत्येक डोंगरावर अशीच जागा शोधतात. वर आले की इथेच. तुला हात करतात. तू कधी वर बघत नाहीस, सारखं वहीत डोकं. मग नुसते बघत राहतात. आणि तू डबा उघडलास की ओरडतात, 'ताईने डबा उघडला, चला खाली!'"

ताईने नाक पुसलं. हे प्रेम होतं की भूक, हे ठरवणं कठीण होतं. चिमणच्या बाबतीत दोन्ही पहिल्यापासून एकाच भांड्यात शिजलेली होती. तरी तिच्या काळजात काहीतरी सैल झालं… एकतीस डोंगर! एकतीस वेळा तो वर उभा राहून हात करत होता, आणि आपण वारुळाची नोंद करत होतो. वर बघायला काय गेलं असतं?

खाली भावजय एका पायावर नाचत पंचाने मुंग्या झटकत होती. प्रकाशक स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते. चिमण कुठे दिसत नव्हता.

तो आला तेव्हा आधी त्याची धाप आली. मग लालभडक चेहरा, सुजलेली मनगटं, एका कानाच्या पाळीवर मुंगी चावल्याचा टपोरा फोड. बावीस वर्षांत तो इतक्या वेगाने कधी चढला नव्हता. ताईसमोर येऊन तो उभा राहिला.

"सामानापाशी कोण आहे?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

"प्रकाशक," तो धापा टाकत म्हणाला. "ताई… मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"ते म्हणाले, 'अहो, वारूळ खडकाच्या एका बाजूला आहे असं तुम्हीच लिहिलंय ना? मग ते नक्की कुठे?' मी म्हटलं, 'मला माहीत नाही, ताईला माहीत असेल.' तोंडातून निघूनच गेलं गं! नेहमीसारखं! ते म्हणाले, 'ताई कोण?' आणि मी…" त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "मी म्हटलं, जिने लिहिलंय ती. मी चोर आहे गं ताई! मी चोर आहे!"

"चोर कसला?" ताई म्हणाली. "चोराला आपण काय उचललंय ते कळतं."

चिमण मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. "मग आठ महिने बोलली का नाहीस? एक थोबाडीत द्यायची होतीस! मी रोज वाट बघत होतो… रोज वाटायचं, आज बोलेल. आणि तू मला चहा द्यायचीस!"

ताई त्याच्या टकलाकडे बघत राहिली.

"तू रोज दाढी करायला लागलास, रे. पुस्तक आल्यापासून. त्याआधी चार-चार दिवस अंथरुणातून उठायचा नाहीस. मला वाटलं… जाऊ दे. वहीचं काय, वही पुन्हा लिहिता येते."

चिमणने वर पाहिलं. त्या एका क्षणात त्याला कळलं की आपण काय घेतलं होतं, आणि ते आपल्याला कुणी घेऊ दिलं होतं. त्याने तिचे दोन्ही सुजलेले गुडघे दोन्ही हातांनी धरले आणि त्यांवर डोकं टेकलं.

"दुखतात रे, मेल्या!" ताई कळवळली. "सोड!"

त्याने सोडले. नाक ओढत तो म्हणाला, "ते म्हणतायत, पुढच्या आवृत्तीवर तुझंच नाव. मी म्हटलं, माझं काढूनच टाका."

"नावाचं बघू मागाहून. आधी तो बाण काढ."

"कुठला बाण?"

ताईने आकाशाकडे पाहिलं. भाची खुदकन हसली आणि मग तिला हसू आवरेना. आणि तिचं हसणं बघून चिमणही, कशाला हसायचं हे न कळूनही, रडत रडत हसला.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड निघालं. गुडघे वाकायलाच तयार नव्हते. शेवटी चिमण एक पायरी पुढे उतरू लागला आणि ताईने त्याच्या डोक्यावर हात टेकला. तो उंचीला बरोबर कठड्याएवढा होत होता.

"हळू गं."

"तूच हळू. घामाने निसरडं झालंय तुझं डोकं."

"खाली ते वाट बघत असतील. जेवायचं…"

"बघू देत."

भाची पुढे निघून गेली. मधल्या वळणावर, जिथे झाडी दुभंगून तळ्याची एक चिंचोळी कड पुन्हा दिसत होती, ताईचा हात चिमणच्या डोक्यावर दाबला गेला.

"थांब."

"दुखतंय का?"

"नाही. बघायचंय."

चिमण थांबला. त्याने विचारलं नाही, किती वेळ. थोड्या वेळाने त्यानेही मान वळवली आणि ती बघत होती तिकडे तो बघू लागला. वाट अरुंद होती आणि तो रुंद होता. त्यामुळे मागून उतरणारी सात-आठ माणसं खोळंबली, आणि त्यांनी बरीच कुरकुर केली.

दोघांपैकी कुणीही बाजूला झालं नाही.